ऑन्स टिकला, एल गेली

नेदरलँड्समधल्या चीजच्या दुकानात थोडा वेळ कान देऊन उभे राहिले, तर ‘दोनशे ग्रॅम द्या’ असे क्वचितच ऐकू येते. गिऱ्हाईक ‘दोन ऑन्स’ मागते. चेरी किंवा मशरूम घेताना ते ‘एक पोंड’ म्हणते आणि विक्रेता निमूटपणे पाचशे ग्रॅम तोलून देतो. काट्यावर ग्रॅम, पावतीवर ग्रॅम, तोंडात मात्र ऑन्स आणि पोंड. १९३७च्या वजनमाप कायद्यानंतर या दोन्ही नावांना व्यापारात अधिकृत जागा उरलेली नाही, पण त्याचा बोलण्यावर काडीचाही परिणाम झालेला दिसत नाही. उलट एखाद्याची वाट पाहणे फुकट आहे हे सांगायला डच माणूस अजूनही म्हणतो, ‘अंगाचे वजन एक ऑन्स होईपर्यंत बस वाट बघत.’

रोजच्या मापांच्या आणि दिनदर्शिकांच्या जन्मकथा आपण बहुतेक वेळा गंमत म्हणून ऐकतो. कुठल्यातरी राजाचे पाऊल म्हणून फूट, कुठल्यातरी सम्राटाचा हट्ट म्हणून महिना. या कथांमध्ये एक गृहीतक असते की मापे वरून येतात, म्हणजे सत्ता ठरवते आणि प्रजा वापरते. नेदरलँड्सचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास पाहिला, की हे गृहीतक डळमळते. तिथे राजाने मापांची नावे ठरवली आणि लोकांनी त्यातली निम्मी फेकून दिली. पोपने तारीख बदलली आणि एकाच देशात जवळपास एकशे अठरा वर्षे दोन तारखा चालल्या. परक्या सैन्याने घड्याळ पुढे सरकवले आणि ते मात्र कोणी मागे घेतले नाही. या तिन्ही गोष्टींची संगती एकाच सूत्राने लागते, असे मला वाटते. ज्याच्याशी आपले रोजचे देणेघेणे असते, त्याच्याशी जुळणारे माप माणूस ठेवतो. राजाचा हुकूम आणि शास्त्रज्ञाचे गणित यांना त्या व्यवहारातून वाट काढावी लागते.

आधी त्या राजाच्या पावलाचा निकाल लावू. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमची फूट सुमारे २८.३ सेंटीमीटर होती आणि तिथून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवरच्या लायडनच्या परिसरात चालणारी ऱ्हाइनलांडची फूट ३१.४ सेंटीमीटर. ही दोन वेगळ्या राजांची पावले म्हणावीत, तर तिथे राजाच नव्हता. ते प्रजासत्ताक होते. खरी गोम पोटविभागात आहे. ॲमस्टरडॅमची फूट ११ इंचांची आणि ऱ्हाइनलांडची १२ इंचांची. भागाकार केला तर दोन्हीकडचा इंच जवळपास सारखाच निघतो, अडीच सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा. डच भाषेत इंचाला ‘डाउम’ म्हणतात, म्हणजे अंगठा, आणि सुताराच्या घडीच्या पट्टीला आजही ‘अंगठाकाठी’ म्हणतात. तेव्हा शरीराचा संबंध असलाच तर अंगठ्यापुरता. अकरा अंगठ्यांची फूट करायची की बारांची, हा निव्वळ कराराचा भाग होता.

तो करार कशासाठी होता, हे ऱ्हाइनलांडच्या बाबतीत नीट दिसते. समुद्रसपाटीखालच्या या मुलखात बांध आणि कालवे राखण्याचे काम पाणी-मंडळांकडे असे. ऱ्हाइनलांडचे मंडळ तेराव्या शतकापासून आहे आणि आजही कार्यरत आहे. बांधाच्या खर्चाचा वाटा जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरे. म्हणजे शेजाऱ्याची काठी माझ्या काठीपेक्षा लांब असेल, तर त्याची जमीन कागदावर कमी भरणार आणि बांधाचा बोजा माझ्या अंगावर येणार. बारा फुटांची एक ‘रूडे’ म्हणजे मोजणीची काठी, सुमारे ३.७७ मीटर, आणि सहाशे चौरस काठ्यांचा एक ‘मॉर्खन’. मॉर्खन म्हणजे सकाळ. एका सकाळी नांगरून होईल तेवढी जमीन, अशी या नावामागची कल्पना. आपल्याकडे शिवकालीन जमीनमोजणीत काठीची लांबी पाच हात पाच मुठी धरली जाई आणि वीस काठी लांब, वीस काठी रुंद जमिनीचा बिघा होई, त्याच जातीची ही व्यवस्था आहे. सारा असो की बांधपट्टी, ज्या देण्यासाठी माप लागते तेच देणे त्या मापाला टिकवून धरते. लायडनच्या विलेब्रॉर्ड स्नेलियसने पृथ्वीचा आकार काढायला आल्कमार ते बेर्खन ऑप झोम अशी त्रिकोणांची साखळी टाकली आणि १६१७ मध्ये निष्कर्ष छापला, तोही याच काठीत: एका अंशाला २८,५०० काठ्या. आजच्या हिशेबाने हे सुमारे १०७ किलोमीटर होतात. खरे अंतर १११ आहे. चर्चच्या मनोऱ्यांवरून कोन मोजत केलेल्या कामासाठी चूक फार नाही.

आता विलेम राजाच्या प्रयोगाकडे येऊ, कारण मला सर्वांत बोलका पुरावा तो वाटतो. मेट्रिक पद्धत फ्रेंचांची खरी, पण तिच्या जन्माला डच हातही लागलेले होते. यान हेन्द्रिक फान स्विन्डन हा डच पदार्थवैज्ञानिक १७९८-९९ साली पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय मंडळात बसून मीटर आणि किलोग्रॅमची मोजमापे तपासत होता. पुढे नेपोलियन आला आणि गेला, आणि १८१६ मध्ये नव्या राज्याचा राजा विलेम पहिला याने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. १८२० पासून तो अंमलात आला. त्यात एक धोरणी चतुराई होती. मीटर, लिटर, ग्रॅम हे परके शब्द प्रजेच्या जिभेवर लादायचे नाहीत. आकार नवे, नावे जुनी. मीटरला म्हणायचे एल, सेंटीमीटरला डाउम, मिलिमीटरला ‘स्ट्रेप’ म्हणजे रेघ. किलोग्रॅमला पोंड, शंभर ग्रॅमला ऑन्स, दहा ग्रॅमला ‘लोट’. लिटरला ‘कान’ म्हणजे भांडे, सेंटिलिटरला ‘फिंगरहूट’ म्हणजे शिंप्याचे अंगुस्तान. कागदावर इतकी समजूतदार योजना क्वचितच सापडेल.

ती कुठे फसली ते पाहण्यासारखे आहे. जुना ॲमस्टरडॅमी पोंड ४९४ ग्रॅमचा होता. कायद्याचा नवा पोंड हजार ग्रॅमचा. म्हणजे बाजारात त्याच नावाची दोन वजने, आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट. ‘पोंडाला किती?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरे झाली, की फसवणुकीला आमंत्रणच. लोकांनी कायद्याचा पोंड नाकारला, पण जुनाही तसाच ठेवला नाही. त्यांनी तो सहा ग्रॅमने वाढवून अर्धा किलो करून टाकला. हे कोणत्याही आदेशात नव्हते. किलोच्या नव्या वजनाचे दोन भाग केले की जो अर्धा येतो, तो हाताला जुन्या पोंडाइतकाच लागतो; तेवढे पुरेसे होते. एलचे नशीब असे नव्हते. ॲमस्टरडॅमची जुनी एल ६९ सेंटीमीटरच्या आसपास, नवी एक मीटर. अर्धी करावी तर लहान, पूर्ण घ्यावी तर फार मोठी. कापडबाजाराला तिचे काहीच करता येईना. १८६९च्या कायद्याने मीटर हे आंतरराष्ट्रीय नाव आले आणि एल गेली. आज ती लांबलचक भाषणाला ‘एलभर लांब’ म्हणण्यापुरती आणि कोपरासाठीच्या शब्दात उरली आहे.

इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल. आकार जवळपास असेल तर नाव टिकते, हे खरे मानले तर ऑन्स कसा टिकला? जुना ऑन्स पोंडाचा सोळावा भाग, म्हणजे एकतीस ग्रॅम. नवा शंभर ग्रॅम. तिपटीहून मोठी उडी, आणि लोकांनी ती बिनतक्रार गिळली. हरकत रास्त आहे. माझा तर्क असा की ऑन्स हा शब्द घरगुती खरेदीत पोंडासारखा घट्ट रुजलेला नव्हता. किरकोळ घेताना पोंडाचा अर्धा, पाव, अर्धपाव मागण्याची रीत होती. ऑन्सचा नेमका उपयोग औषधविक्रेता आणि सोनार यांच्याकडे. जिथे शब्दाला सवयीचे वजन चिकटलेले नसते, तिथे त्यात नवे वजन भरता येते. शिवाय अर्धा किलोचा पोंड आणि शंभर ग्रॅमचा ऑन्स यांचा हिशेब सरळ पाचाचा झाला. लोकांनी राजाच्या कायद्यातले एक नाव घेतले, दुसरे स्वतःच्या मर्जीने दुरुस्त केले आणि दोन्ही जोडून एक अशी पद्धत बनवली, जी ना जुनी होती ना कायदेशीर. गंमत म्हणजे ती दीडशेहून अधिक वर्षे चालते आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १९५६च्या कायद्याने आपल्याकडे मेट्रिक वजने आली. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा; आज सराफाकडे तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमच्या घरात होता, म्हणून पावशेर २३३ ग्रॅम. आज भाजीवाल्याकडचा पावशेर २५० ग्रॅम असतो आणि त्याबद्दल कोणी भांडत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते, पण आर शंभर चौरस मीटरचा आणि गुंठा एकशे एक चौरस मीटरचा. एवढ्या फरकासाठी कोण नवा शब्द शिकणार? शेतकऱ्याने आर वाचायचा आणि गुंठा म्हणायचा, हा तोडगा निघाला.

दुसरी हरकत अशी घेतली जाते की हा सगळा अडाणीपणाचा अवशेष आहे आणि शिक्षण वाढले की आपोआप जाईल. त्याला उत्तर हार्लेम आणि लायडनमधल्या फुलांच्या पट्ट्यात मिळते. ट्यूलिप आणि हायसिंथचे कंद पिकवणारे तिथले उत्पादक जगभर माल पाठवतात. यंत्रे, शीतगृहे, संगणक सगळे त्यांच्याकडे आहे. तरी वाफ्यांची गोष्ट निघाली की त्यांच्या तोंडी ‘रू’ येते, म्हणजे तीच ऱ्हाइनलांडची चौरस काठी, १४ चौरस मीटरहून थोडी मोठी. शेजारच्या उत्पादकाशी, मजुराशी, जमीन खंडाने देणाऱ्याशी बोलायला ती सोयीची पडते. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना हाच माणूस हेक्टरवर येतो. याला अडाणीपणा म्हणणे म्हणजे दोन भाषा येणाऱ्याला निरक्षर म्हणण्यासारखे आहे. नाण्यांचेही तेच. गिल्डर दशमान होण्यापूर्वी त्याचे वीस ‘स्टायव्हर’ होत. दशमान झाल्यावर पाच सेंटच्या नाण्याला तेच नाव राहिले आणि पंचवीस सेंटला ‘क्वार्त्ये’ म्हणत. १ एप्रिल १९५७ नंतर आपण पंचवीस पैशांना चार आणे म्हणत राहिलो, त्याचा हा जुळा भाऊ. २००२ मध्ये युरो आला आणि क्वार्त्ये वितळवले गेले, पण अर्थमंत्री विम कोक यांनी १९९१ मध्ये पेट्रोलवर बसवलेला जादा कर आजही वादात ‘कोकचे क्वार्त्ये’ म्हणूनच निघतो. करदात्याची स्मरणशक्ती टांकसाळीपेक्षा चिवट असते.

दिनदर्शिकेचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे धर्म आडवा आला. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये जुन्या ज्युलियन पद्धतीतला साचलेला फरक काढायला दहा दिवस गाळले. नेदरलँड्स तेव्हा कॅथलिक स्पेनविरुद्ध लढत होते. तरी हॉलंड आणि झेलंड या मोठ्या व्यापारी प्रांतांनी १५८२-८३च्या हिवाळ्यातच नवी तारीख घेतली. उट्रेख्त, खेल्डरलांड, ओव्हरआयसल, फ्रीसलांड यांनी पोपची तारीख नाकारली. ख्रोनिंगनने ती घेतली आणि १५९४ मध्ये परत टाकली. परिणामी ॲमस्टरडॅमहून ११ तारखेच्या सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी उट्रेख्तला पोचला, की तिथे १ तारीख असे. पत्रांवर अपूर्णांकासारख्या दोन तारखा लिहिण्याची पद्धत पडली. १६८८ मध्ये ओरांयेचा विलेम इंग्लंडची गादी घ्यायला हेलेव्हूट्स्लाउसहून ११ नोव्हेंबरला निघाला आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर ५ नोव्हेंबरला उतरला. इंग्लंड तेव्हाही जुन्याच पद्धतीवर होते.

या दहा दिवसांचा हिशेब महाराष्ट्रापर्यंत पोचतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, आणि आपण तारीख देतो ६ जून १६७४. ती तारीख इंग्रजांच्या कागदांतली, ज्युलियन पद्धतीची आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी हॉलंड आणि झेलंडच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात असल्याने तिचे कागद नव्या पद्धतीने चालत. त्यामुळे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर ६ जून लिहीत होता, त्याच दिवशी वेंगुर्ल्याच्या डच वखारीत १६ जून होता. एकाच कोकणात दोन युरोपीय वखारी आणि दोन तारखा, आणि ज्या राज्याचा तो सोहळा त्याला दोहोंशी कर्तव्य नव्हते. त्याची तिथी ठरलेली होती. त्या दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला आणि मराठी राज्याच्या दप्तरात तो चाललाही. पण लग्नपत्रिका आणि पंचांग शालिवाहन शकावरच राहिले. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेचेही तसेच झाले. ती राजपत्रावर छापली जाते, पण तिच्या तारखेला ना हप्ता भरायचा असतो ना सण करायचा.

मग डच हट्टी प्रांत अखेर वळले कसे? पोपबद्दलचे त्यांचे मत बदलल्याचा पुरावा नाही. १७०० मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. जुन्या पद्धतीत ते लीप वर्ष होते, नव्यात नव्हते, त्यामुळे फरक अकरा दिवसांचा होणार होता. आणि पूर्वेकडच्या जर्मन प्रॉटेस्टंट संस्थानांनी त्याच वर्षी तारीख बदलली. ज्यांच्याशी धर्माचे नाते आणि मालाची ने-आण होती, तेच सरकल्यावर मागे राहण्यात अर्थ उरला नाही. १७०० आणि १७०१ मध्ये उरलेले प्रांत एकामागोमाग एक सरकले.

माझ्या सूत्राला सर्वांत कठीण जाणारे उदाहरण घड्याळाचे. १ मे १९०९ पासून संपूर्ण नेदरलँड्सची कायदेशीर वेळ ॲमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्क या चर्चच्या मध्यान्हावर बांधलेली होती: ग्रिनिचपेक्षा १९ मिनिटे ३२ सेकंद पुढे, आणि वर सेकंदाचे अपूर्णांकही. १९३७ मध्ये ती सरळ वीस मिनिटे केली गेली. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने देश घेतला आणि १६ मे रोजी घड्याळे १ तास ४० मिनिटे पुढे ढकलून बर्लिनच्या उन्हाळी वेळेवर आणली. १९४५ मध्ये जर्मन गेले. त्यांचे हुकूमही गेले. बर्लिनची वेळ मात्र राहिली. इथे सत्तेने लादलेले माप टिकले, असे कोणी म्हणेल. पण लादणारा गेल्यावर टिकले ते का? बेल्जियम आणि फ्रान्सही त्याच वेळेवर थांबले होते. रेल्वे, तारा, सीमेपलीकडचा व्यापार या सगळ्यांना वीस मिनिटांचा वेगळेपणा परवडणारा नव्हता. पोंड ठरवायला दुकानदार आणि गिऱ्हाईक पुरेसे असतात. घड्याळ ठरवायला अनोळखी माणसांची अख्खी साखळी लागते, आणि त्यात शेजाऱ्याचे पारडे जड होते. मुंबईने हाच वाद उलट बाजूने पन्नास वर्षे खेळला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होती. आकड्यांचा योगायोग असा, की ॲमस्टरडॅमचा सूर्यही आज त्याच्या घड्याळापेक्षा हिवाळ्यात सुमारे चाळीस मिनिटे मागे असतो.

कायद्याचा हात जिथे पोचतच नाही, अशा एका कोपऱ्याचा उल्लेख करायला हवा. डच माणूस साडेसातला ‘हाल्फ आख्त’ म्हणतो, म्हणजे ‘आठातला अर्धा’. ॲमस्टेल्व्हेनमध्ये नव्याने राहायला गेलेला मराठी माणूस ‘अर्धा’ आणि ‘आठ’ एवढेच ऐकून साडेआठला पोचतो आणि यजमानांचे जेवण आटोपलेले असते. हा उलटा हिशेब वाटतो खरा, पण दीडसाठीचा डच शब्द ‘आन्डरहाल्फ’ तसाच बनला आहे: एक पूर्ण, आणि दुसरा अर्धा. जुन्या डचमध्ये अडीचसाठी ‘तिसरा अर्धा’ असाही शब्द होता, तो मेला. आपला अडीच संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’पासून प्राकृतातून घासत आला आहे, म्हणजे अर्थाने तोही तिसरा अर्धाच. डच आणि मराठी दोन्ही भाषा एके काळी पुढच्या पूर्ण संख्येकडे पाहून अर्धा मोजत होत्या. साडेसात म्हणताना आपण मागच्या साताला अर्धा जोडतो, अडीच म्हणताना मात्र अजूनही जुन्याच रीतीने चालतो, आणि ते ‘साडेदोन’ करावे असे आजवर कोणत्याही वजनमाप खात्याला सुचलेले नाही.